उंदीर, नांगर आणि शोषखड्डा : कंकणद्वीपं राखायची कशी

लक्षद्वीपच्या सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तर कशीबशी 32 चौरस किलोमीटर भरते. नागपूर महापालिकेच्या हद्दीचा जेमतेम सातवा हिस्सा. त्या बेटांच्या कुशीत असलेली उथळ, हिरव्या-निळ्या पाण्याची लगूनं मात्र सुमारे 4,200 चौरस किलोमीटरवर पसरली आहेत. या दोन आकड्यांकडे पाहिलं की अभयारण्य नेमकं कशाचं करायचं, हे कळायला लागतं.

आपल्याकडे अभयारण्य म्हटलं की पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला आठवतं. गेट, जिप्सी, गाइड, कोअर, बफर. समुद्रातही कागदावर हेच शब्द वापरतात, पण तिथे गेट नसतं, आणि रेषेच्या आतलं पाणी दिवसातून दोनदा भरती-ओहोटीनं बदलतं. त्यामुळे कंकणद्वीपाचं, म्हणजे लगुनाभोवती कड्यासारख्या पसरलेल्या प्रवाळबेटाचं (इंग्रजीत अॅटॉल), रक्षण नकाशावर रेघ ओढून होत नाही. ते उंदरापासून, नांगरापासून आणि शोषखड्ड्यापासून सुरू करावं लागतं. या तीन गोष्टींवर पैसा आणि माणूस लावला नाही, तर अधिसूचना कितीही मोठी असली तरी ती फाइलीतच राहते.

आधी थोडं भूशास्त्र, कारण त्यात आपलाही वाटा आहे. समुद्रात ज्वालामुखीचा डोंगर उभा राहतो, त्याच्या कडेनं प्रवाळ वाढतं. डोंगर हळूहळू खचत जातो, प्रवाळ उजेडासाठी वर वाढत राहतं, आणि शेवटी डोंगर बुडून नुसतं कडं उरतं. मधलं पाणी म्हणजे लगून. डार्विननं 1842 मध्ये हे मांडलं. 1952 मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉकवर खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे 1,400 मीटर चुनखडीखाली खरोखरच बेसाल्ट लागला. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या पाषाणाची आहे, त्याच जातीचा दगड. दख्खनचा लाव्हा पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्तबिंदूतून बाहेर पडला, त्याच्याच पुढच्या वाटचालीत लक्षद्वीप, मालदीव आणि हिंद महासागरातली चागोस बेटं ज्यावर उभे आहेत ती पाण्याखालची रांग तयार झाली, असं भूशास्त्रज्ञ मानतात. नागपूरच्या पायाखालचा दगड आणि लक्षद्वीपच्या राजधानीच्या, कवरत्तीच्या प्रवाळाखालचा दगड एका घरातले आहेत.

कंकणद्वीपावरची जमीन मात्र दगडाची नाही. ती वाळूची आहे, आणि ती वाळू सजीवांनी बनवलेली आहे. पोपटमासा प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातो, सोबत चुनखडी दळतो आणि बारीक पांढरी वाळू मागे टाकतो. मालदीवमधल्या वक्कारू बेटाभोवतीच्या प्रवाळावरचा एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे नव्यानं तयार होणाऱ्या वाळूत 85 टक्क्यांहून जास्त वाटा पोपटमाशांचा निघाला. म्हणजे पोपटमासे जाळ्यात गेले तर फक्त मासे कमी होत नाहीत, किनारा भरून यायचाही थांबतो. आणि समुद्र तर रोज किनारा नेत असतोच. बंगारम कंकणद्वीपातलं परळी-1 हे निर्मनुष्य बेट 1968 मध्ये 0.032 चौरस किलोमीटर, म्हणजे आठ एकरांच्या आसपास होतं. 2017 पर्यंत ते पूर्ण नाहीसं झाल्याची नोंद झाली.

आता उंदीर. समुद्राच्या रक्षणाच्या यादीत पहिला नंबर उंदराचा का, हा प्रश्न साहजिक आहे.

जहाजांबरोबर बेटांवर पोहोचलेला उंदीर जमिनीवर घरटी करणाऱ्या समुद्री पक्ष्यांची अंडी आणि पिल्लं खातो. सुरय, नॉडी, बूबी असे पक्षी खुल्या समुद्रात मासे खातात आणि विष्ठा बेटावर टाकतात. ते खत पावसानं प्रवाळापर्यंत जातं. पक्षी गेले की खत बंद. चागोसमध्ये काही बेटांवर उंदीर आहेत, काहींवर कधीच पोहोचले नाहीत, त्यामुळे तुलना करायला ती जागा उत्तम. 2018 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात उंदीर नसलेल्या बेटांवर पक्ष्यांची घनता 760 पट, नायट्रोजनची भर 251 पट आणि शेजारच्या प्रवाळावरच्या माशांचं वजन 48 टक्के जास्त निघालं. समुद्रात एकही नियम न बदलता, फक्त जमिनीवरचा उंदीर असण्या-नसण्यानं पडलेला हा फरक आहे.

उंदीर काढण्याचं काम अर्धवट करता येत नाही. 99 टक्के मारले आणि एक जोडी राहिली, तर दोन-तीन वर्षांत परिस्थिती जिथल्या तिथे. पॅसिफिकमधल्या पालमायरावर 2011 मध्ये हे काम झालं, त्यातून बरंच शिकण्यासारखं आहे. ब्रोडिफॅकम नावाचं रक्त गोठू न देणारं विष असलेल्या गोळ्या हेलिकॉप्टरमधून दोन फेऱ्यांत टाकल्या. कंकणद्वीपावर खरी अडचण खेकड्यांची असते. जमिनीवरचे खेकडे त्या गोळ्या फस्त करतात. त्यांना त्या विषानं काही होत नाही, पण उंदरापर्यंत गोळी पोहोचत नाही. म्हणून तिथे फेरीला हेक्टरी सुमारे 80 किलो माल टाकावा लागला. थंड प्रदेशातल्या बेटांवर याच्या काही अंशात काम भागतं. दुसरी अडचण नारळाची. उंदीर झावळ्यांच्या बेचक्यात राहतात आणि फारसे खाली उतरत नाहीत. त्यामुळे लगुनावर झुकलेल्या नारळांच्या शेंड्यांमध्ये गोळ्यांच्या पुरचुंड्या वेगळ्या अडकवाव्या लागल्या. काही स्थलांतरित पाणपक्षी आधी पकडून पिंजऱ्यात सांभाळले, विषाचा जोर ओसरल्यावर सोडले.

फळ काय मिळालं? स्थानिक झाडांची रोपं पन्नास पटींच्या घरात वाढली. शिवाय कोणाच्या ध्यानीमनी नसताना एडिस अल्बोपिक्टस हा डेंगी पसरवणारा डासही बेटावरून नाहीसा झाला, कारण त्याचं रक्ताचं दुकान म्हणजे उंदीरच होते. याच्या उलट उदाहरण वेक बेटाचं. 2012 च्या मोहिमेत तिथे उंदरांची एक जात संपली, पण दुसरी, लहान चणीची पॅसिफिक जात टिकून राहिली. मोहीम यशस्वी झाल्यावरही काम संपत नाही. येणाऱ्या प्रत्येक बोटीतला माल तपासणं, धक्क्यावर पेट्या आणि सापळे ठेवणं, तांदळाची पोती बंद खोलीत उघडणं हे कायमचंच. लक्षद्वीपसारख्या वस्तीच्या बेटांवर विष टाकणं शक्य नाही. तिथे नारळांच्या खोडांना पत्र्याचे पट्टे ठोकणं आणि पडलेले, कुरतडलेले नारळ वेळच्या वेळी उचलणं एवढंच हातात असतं. पण पित्तीसारखं 1.2 हेक्टरचं, झाड नसलेलं, पक्ष्यांचं बेट उंदीरमुक्त ठेवणं हे पहारा नीट असेल तर सहज जमण्यासारखं आहे.

दुसरा शत्रू नांगर. पाच मिनिटांच्या थांब्यासाठी टाकलेला नांगर दोन-तीनशे वर्षांचं गोल प्रवाळ फोडू शकतो, कारण गोलाकार प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटरच वाढतं. त्यातही नांगरापेक्षा साखळी वाईट. वारा फिरला की बोट फिरते आणि साखळी तळावर झाडूसारखी गोल फिरून सगळं साफ करते.

यावर उपाय कायमच्या बोयाचा, म्हणजे तळाला बांधलेल्या आणि बोट अडकवायच्या तरंगत्या गोळ्याचा. पण बोया म्हणजे सिमेंटचा ठोकळा आणि साखळी, असं समजून काम केलं तर तोच ठोकळा लाटांबरोबर सरकत प्रवाळ चिरडत जातो. तळ खडकाळ असेल तर मेलेल्या चुनखडीत भोक पाडून त्यात हातभर लांबीचा स्टेनलेस स्टीलचा कडीवाला बोल्ट खास सिमेंटनं बसवतात. तळ वाळूचा असेल तर स्क्रूसारखा फिरवत आत जाणारा लांब गज लावतात. कडीपासून वर साखळीऐवजी दोर, आणि त्याच्या मधल्या भागाला छोटा तरंगता गोळा, म्हणजे भरती-ओहोटीत ढिला पडलेला दोर तळाला घासत नाही. आणखी एक दोर पाण्यावर तरंगता ठेवायचा, बोटीनं तोच उचलून बांधायचा. शॅकलची (दोर जोडायच्या उघडत्या कडीची) पिन स्टीलच्या तारेनं बांधलेली हवी, नाहीतर लाटांच्या हिसक्यांनी ती आपोआप उघडते. दोरावर शिंपले आणि शेवाळ चढतं, त्यानं दोर कापला जातो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पाणबुड्यानं हात लावून पाहायचं. बहुतेक ठिकाणी पैसे बोया बसवायला मिळतात, पाहायला मिळत नाहीत. दुसऱ्या वर्षी दोर तुटतो, एखादी बोट खडकावर जाते, आणि मग सगळे पुन्हा नांगर टाकायला लागतात.

लोखंड पाण्यात पडून राहणं हाही वेगळा धोका आहे. पालमायरावर 1991 मध्ये मासेमारीचं एक जहाज फुटलं. कंकणद्वीपाभोवतीच्या समुद्रात लोह फार थोडं असतं, आणि त्या गंजणाऱ्या सांगाड्यातून ते सतत झिरपत राहिलं. कोरॅलिमॉर्फ हा प्रवाळाचा चुलतभाऊ तिथे एवढा माजला की त्यानं जिवंत प्रवाळ झाकून टाकलं. लोखंडी साखळ्यांच्या बोयांभोवतीसुद्धा तेच दिसलं. अखेर 2013-14 मध्ये सांगाडा कापून बाहेर काढला. तेव्हा ‘जहाज बुडालं तर माशांना घर मिळेल’ हे वाक्य कंकणद्वीपाच्या बाबतीत कोणी बोललं तर तिथेच थांबवावं.

मोठ्या जहाजांसाठी बोयाचा काही उपयोग नाही, तिथे नकाशा लागतो. फिलिपीन्समधल्या तुब्बताहा या राखीव कंकणद्वीपांवर 17 जानेवारी 2013 रोजी अमेरिकन नौदलाचं ‘गार्डियन’ हे जहाज चढलं. 2,345 चौरस मीटर प्रवाळाचा चुरा झाला. जहाजावरच्या डिजिटल नकाशात तुब्बताहाची जागा सुमारे आठ सागरी मैलांनी चुकलेली होती. अमेरिकेनं पुढे सुमारे 19.7 लाख डॉलर भरपाई दिली, आणि 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं त्या भागाला विशेष संवेदनशील सागरी क्षेत्राचा दर्जा दिला. तुब्बताहाचं यश पहाऱ्यात आहे. नौदल, तटरक्षक दल आणि उद्यान कार्यालय यांची मिळून दहा-बारा माणसं दोन-तीन महिन्यांच्या पाळीनं वाळूच्या पट्टीवरच्या चौकीत राहतात. रडार, रेडिओ, एक वेगवान बोट आणि डिझेल. डिझेल संपलं की अभयारण्य संपलं, इतकं ते सरळ आहे.

शोषखड्ड्याचं गणित विदर्भातल्या माणसाला लगेच समजेल, कारण विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट आपल्याला नवं नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्यातला नायट्रोजन सुमारे 10 मिलिग्रॅम. प्रवाळाच्या पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजनची धोक्याची खूण म्हणून जो आकडा पूर्वापार वापरला जातो, तो लिटरला सुमारे 14 मायक्रोग्रॅम आहे. सातशे पटींचा फरक. माणसाला पिण्यायोग्य असलेलं पाणी प्रवाळाला घातक ठरू शकतं. फुटाळा किंवा अंबाझरीत सांडपाणी शिरलं की जलपर्णी माजते, ते उघड दिसतं. लगुनात तेच काम शेवाळ करतं, पण पाण्याखाली, आणि दिसेपर्यंत प्रवाळ झाकलं गेलेलं असतं.

लक्षद्वीपमध्ये 2011 च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला दोन हजारांवर माणसं राहतात. जमीन सच्छिद्र वाळूची. पावसाचं गोडं पाणी खाली खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगतं, आणि घराघराचा शोषखड्डा त्याच भिंगात उघडतो. तिथून नायट्रोजन विहिरीतही जातो आणि दर ओहोटीला लगुनातही. म्हणून कंकणद्वीपाच्या संरक्षण आराखड्यात तळ पक्का असलेल्या टाक्या, मैला उपसून वाळवायची सोय आणि किनाऱ्यापासूनचं अंतर यांचा खर्च पहिल्या पानावर असायला हवा. तो बहुतेकदा नसतोच.

इथे एक रास्त शंका येते. पक्ष्यांचं खत चांगलं आणि माणसाचं वाईट कसं? पक्ष्यांचं खत पावसासोबत थोडं-थोडं येतं, त्यात नायट्रोजनबरोबर फॉस्फरसही असतो, आणि ते मासे असलेल्या, शेवाळ खाल्लं जाणाऱ्या प्रवाळावर पडतं. सांडपाणी बारा महिने एकाच जागी झिरपतं. फॉस्फरसचा बराचसा भाग चुनखडीची वाळू धरून ठेवते आणि नायट्रेट तेवढं पुढे जातं. नायट्रेट जास्त आणि फॉस्फेट कमी अशा पाण्यात प्रवाळ कमी उष्णतेलाही पांढरं पडतं, हे प्रयोगांतून दिसलं आहे.

लगुनाचं पाणी खेळतं राहणं हाही मुद्दा आहे, पण तो थोडक्यात सांगता येईल. लाटा कड्यावरून पाणी आत टाकतात, खिंडींतून ते बाहेर जातं. ही वाट कुठेही बांधून टाकू नये. किरिबाटीतल्या तारावा बेटांना जोडायला भराव घालून रस्ते केले, त्यात बोनफिश माशांच्या अंडी घालायला जाण्याच्या वाटा तुटल्या. रस्ता हवाच असेल तर पुलावरून, भरावावरून नाही. खिंड खोल करण्यासाठी गाळ उपसायचा असेल तर प्रवाळ अंडी सोडतं त्या दिवसांत काम पूर्ण बंद.

कायद्याकडे वळू. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चाच, जो पेंचला लागू आहे. कठीण प्रवाळ आणि समुद्रकाकड्या 2001 मध्ये त्याच्या पहिल्या अनुसूचीत आल्या. कलम 26अ नुसार समुद्राचा भाग अभयारण्य करायचा तर हद्द नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांच्या सल्ल्यानं ठरते, स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित राखावं लागतं, आणि जहाजांचा निरुपद्रवी मार्गक्रमणाचा हक्क तसाच राहतो. 2002 च्या दुरुस्तीनं ‘संवर्धन राखीव’ हा सौम्य पर्याय आला, ज्यात स्थानिकांशी आधी चर्चा बंधनकारक आहे. लक्षद्वीपनं 2020 मध्ये चेरियापानी इथे समुद्रकाकड्यांसाठी 239 चौरस किलोमीटरचं राखीव केलं ते याच वाटेनं. माझ्या मते वस्तीच्या कंकणद्वीपांना हीच वाट बरी. तोतलाडोहच्या मासेमारीवरून पेंचमध्ये वर्षानुवर्षं कसा संघर्ष चालला ते आपण पाहिलंय. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं, पण मच्छीमारांचा विरोध त्याला पहिल्यापासून चिकटला. आणि सगळ्यात मोठं उदाहरण चागोसचं. तिथल्या रहिवाशांना 1968 ते 1973 दरम्यान हुसकावून लावलं, 2010 मध्ये ब्रिटननं त्याच पाण्यात सुमारे 6,40,000 चौरस किलोमीटरचं सागरी राखीव जाहीर केलं, आणि 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादानं ते सागरी कायद्याच्या विरुद्ध ठरवलं. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा समुद्रालाही लागू पडते.

लक्षद्वीपमध्ये त्यासाठी भक्कम आधार आहे. तिथे कुपा (ट्यूना मासा) गळानं पकडतात, आणि त्याला आमिष म्हणून लगुनातले बोटभर जिवंत मासे लागतात. ते मासे फांद्यांच्या प्रवाळाच्या आडोशाला राहतात. प्रवाळ मेलं तर आमिष नाही, आमिष नाही तर कुपा नाही. हा हिशेब तिथल्या प्रत्येक नावाड्याला पाठ आहे, त्याला बाहेरून शिकवायची गरज नाही.

एकाच प्राण्याचं रक्षण करून भागत नाही, हे लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटानं शिकवलं. तिथल्या लगुनात हिरवी कासवं वाढली. कासवांना खाणारे मोठे शार्क मात्र आता विरळ आहेत. कासवांनी समुद्रगवताची कुरणं मुळापर्यंत कुरतडली, त्या कुरणात वाढणारे मासे कमी झाले, मच्छीमार कासवांवर चिडले, आणि चारा संपल्यावर कासवं दुसऱ्या लगुनांकडे वळली. वाघाशिवाय नुसते चितळ वाढले तर जंगलाचं काय होतं, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

उष्णतेला कोणतीच हद्द अडवत नाही. वर्षातल्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी किती अंशांनी जास्त आणि किती आठवडे, यांचा गुणाकार करतात; मागच्या बारा आठवड्यांत एक अंश किंवा त्याहून जास्त वाढ असलेले आठवडेच मोजायचे. बेरीज 4 झाली की विरंजन, म्हणजे प्रवाळ पांढरं पडणं, 8 झाली की मोठ्या प्रमाणावर मृत्यू. म्हणजे दोन अंश जास्त असले तर चार आठवडे पुरतात. लक्षद्वीपनं 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये हे सोसलं. 1998 मध्ये सुमारे 37 टक्के असलेलं जिवंत प्रवाळ 2022 पर्यंत 20 च्या खाली आलं. दोन झटक्यांच्या मधल्या वर्षांत प्रवाळ परत उभं राहतं की नाही, तेवढंच राखीव क्षेत्राच्या हातात असतं. त्यासाठीच उंदीर, नांगर आणि शोषखड्डा.

ते उभं राहतंय का, हे मोजायला महागडी साधनं लागत नाहीत. 50 मीटरचा टेप प्रवाळावर पसरायचा आणि दर अर्ध्या मीटरला टेपखाली काय आहे ते लिहायचं : जिवंत प्रवाळ, मेलेलं, शेवाळ, वाळू. 100 नोंदी होतात, त्यामुळे टक्केवारी आपोआप निघते. चुका ठरलेल्या आहेत. दर वर्षी माणूस बदलतो आणि शेवाळ चढलेलं प्रवाळ एकाच्या वहीत जिवंत, दुसऱ्याच्या वहीत मेलेलं होतं. टेप त्याच खुंटीपासून लावला जात नाही. किंवा मोजणी फक्त पर्यटकांच्या आवडीच्या देखण्या जागी होते. लगुनात, बाहेरच्या उतारावर आणि वस्तीच्या सांडपाण्याजवळ, तिन्हीकडे टेप लागला पाहिजे, आणि महिना दर वर्षी तोच हवा.

नागपुराहून कोचीमार्गे लक्षद्वीपला जाणाऱ्यांसाठी थोडं. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा पांढरा तुकडाही बॅगेत टाकू नका. मेलेलं असलं तरी तो पहिल्या अनुसूचीतला माल आहे. पाण्यात सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचा स्विमिंग टी-शर्ट घाला. उथळ पाण्यात उभं राहायचं तर आधी पायाखाली वाळू आहे का पाहा. आणि स्नॉर्केलिंगच्या बोटीचे पैसे देण्याआधी नावाड्याला एवढंच विचारा : दादा, बोट बोयाला बांधता की नांगर टाकता?